कव्हरवर कोण बसणार?

मास मीडिया शिकणाऱ्यांना ही असाइनमेंट कधी ना कधी मिळतेच. 'फिल्म मॅगझिनचं कव्हर डिझाइन करा. प्रस्थापित संकेत वापरा. सबमिशन सोमवारी.' मग रविवारी रात्री लॅपटॉप उघडतो. कॅनव्हावर टेम्प्लेट सापडतं, गूगलवरून एका स्टारचा फोटो उतरतो, वर मोठ्या अक्षरांत नाव, डावीकडे चार ओळी, त्यातल्या एकीत 'एक्सक्लुझिव्ह', एखादा गोल स्टिकर. आणि सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, बारकोड. तो टाकला की एकदम 'खरं' मॅगझिन वाटायला लागतं.

आता जरा थांबून विचार करा. हे मासिक विकलं जाणार नाही, कुठल्याही काउंटरवर स्कॅन होणार नाही. तरी बारकोड हवाच असं का वाटतं? आणि तो नसला तर सरांनाही काहीतरी चुकल्यासारखं का वाटतं?

पेणजवळच्या जोहे गावात राहणाऱ्या मुलांना हा प्रश्न तेवढा अवघड जाऊ नये. पनवेल-रोहा लाइनवर हमरापूर स्टेशन लागतं, त्याच पट्ट्यातलं हे गाव. हमरापूर आणि जोहे म्हणजे गणपतीचे कारखाने. घर आणि कारखाना यांच्यात इथे फार अंतर नसतं. 'प्रस्थापित संकेत' हा पुस्तकी शब्द न वापरता त्यावर रोज काम करणारी माणसं इथे आहेत. त्यांचा शब्द साधा आहे: साचा.

कारखान्यात मूर्तीला नावानं ओळखतात. लालबाग, दगडूशेठ, चिंतामणी. ही मूळची मंडळांची नावं, पण कारखान्यात ती बैठकीची नावं होतात: पाय कसा दुमडलाय, मागचा टेका कसा आहे, मुकुट केवढा, हात कुठे. गिऱ्हाईक 'दोन फुटी दगडूशेठ' एवढंच म्हणतं आणि दोघांनाही नेमकं काय हवंय ते कळतं. संकेत म्हणजे हेच. बनवणारा आणि बघणारा यांनी आधीच मान्य केलेली गोष्ट, त्यामुळे पुढचं बोलणं लवकर होतं.

आता यातली खरी गंमत बघा. २०१४मध्ये झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली, अलिबागचा देवदत्त नागे खंडोबा झाला आणि बघता बघता बाजारात जय मल्हार गणपती आले. नंतर 'बाहुबली' आला तसे बाहुबली गणपती आले. २०२२च्या गणेशोत्सवात पुष्पा आणि 'आरआरआर'चे गणपती दिसले, त्यावरून वादही झाले. देवाला नटाच्या पोशाखात बसवावं का, हा वाद इथे बाजूला ठेवू. डिझाइनच्या विद्यार्थ्यानं दुसरंच काहीतरी बघायला हवं. या मूर्तीला अल्लू अर्जुनचा चेहरा नसतो. असूच शकत नाही, सोंड आहे ना! तरीही लांबून बघून लहान मूलसुद्धा सांगतं, हा पुष्पा. कशावरून? खांद्यावरून, हनुवटीखालून फिरणाऱ्या हातावरून, कपड्याच्या रंगावरून. म्हणजे चेहरा पूर्ण काढून घेतला तरी ओळख उरते. फिल्म पोस्टर आणि फिल्म मासिकाचं कव्हर ज्यावर चाललं ती ताकद ही. चेहरा तर आहेच, पण त्याच्याभोवतीची मांडणीही तेवढंच बोलते.

ही मांडणी आली कुठून, हे टेम्प्लेट सांगत नाही. ती आली स्टॉलवरून.

रेल्वे स्टेशनवरचा बुकस्टॉल आठवा. ए. एच. व्हीलरचे स्टॉल १८७७पासून आहेत. आई-बाबांच्या पिढीनं लोकलची वाट बघत तिथे उभ्याउभ्या फुकटात वाचन केलंय. अशा स्टॉलवर मासिकं कौलांसारखी एकावर एक सरकवून ठेवलेली असतात. प्रत्येकाची फक्त वरची पट्टी दिसते, म्हणून नाव वर. आडवी सरकवून ठेवली तर डावीकडची पट्टी दिसते, म्हणून महत्त्वाच्या ओळी डावीकडे. गाडी यायला दोन मिनिटं आहेत, गिऱ्हाईक चालतंय, म्हणून चेहरा मोठा आणि नजर थेट तुमच्याकडे. गर्दीत कोणी आपल्याकडे टक लावून बघितलं की मान आपोआप वळते, तसंच हे. रंग दोन-तीनच, कारण शेजारी पन्नास कव्हरं आधीच ओरडत असतात. मासिकाच्या नावावर स्टारचं डोकं थोडं चढलेलं असतं ना? ती ऐट आहे. 'आमचं नाव अर्धं झाकलं तरी तुम्ही ओळखणार', असं ते कव्हर सांगत असतं. नवं मासिक सहसा हे करत नाही, आणि तुमच्या असाइनमेंटमधल्या मासिकाचा तर हा पहिलाच अंक आहे! तरी टेम्प्लेटमध्ये असतं म्हणून डोकं नावावर चढतं.

कव्हरवरच्या ओळींचंही असंच. 'स्टारडस्ट'चा पहिला अंक ऑक्टोबर १९७१चा. नारी हिरा मालक, संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे, तेव्हा विशीतल्या. कव्हरवर राजेश खन्ना आणि मुख्य ओळ त्याच्या गुप्त लग्नाविषयी. पण ती ओळ विधान नव्हती, प्रश्न होता. राजेश खन्नाचं डिंपलशी लग्न झालं मार्च १९७३मध्ये. म्हणजे त्या एका प्रश्नचिन्हानं केवढं काम केलं बघा! मासिकानं काही म्हटलंच नाही, फक्त विचारलं. आज यूट्यूबच्या थंबनेलवर 'या अभिनेत्रीनं गुपचूप केलं...?' असं वाचताना आपण ज्याला क्लिकबेट म्हणतो, त्याची शाळा स्टॉलवरच भरली होती.

त्याच्याही आधीचं कव्हर मात्र वेगळं होतं आणि ते मला जास्त आवडतं. १९३५मध्ये बाबुराव पटेलांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केलं. पटेलांची लेखणी तिखट, नटनट्या त्यांना घाबरून असायच्या. पण आत कितीही सालटी काढलेली असली तरी कव्हरवर शोभा असायची. ही कव्हरं रंगवणाऱ्यांत दोन मोठी नावं: गुलबर्ग्याहून जे. जे.त शिकायला आलेले एस. एम. पंडित आणि गोव्याचे रघुवीर मुळगावकर. रंगीत छायाचित्र तेव्हा दुर्मीळ आणि महाग. समोर असायचा काळापांढरा फोटो, रंग चित्रकाराचे. गालावरची लाली, ओठांवरची चमक, चेहऱ्यामागचा तो दिव्यासारखा उजेड, हे सगळं हातानं चढवलेलं. आज ज्याला फिल्टर म्हणतात ते मुळगावकर स्प्रेनं करत.

हेच मुळगावकर पुढे देवदेवतांच्या चित्रांसाठी घराघरांत पोचले. कॅलेंडरवरचे त्यांचे राम, कृष्ण, लक्ष्मी बघा: तीच तुकतुकीत कांती, तेच भरलेले डोळे, तोच मागचा उजेड. नटीला जे तेज दिलं तेच देवाला दिलं की देवाचं नटीला, हे सांगणं अवघड आहे. माझं मत असं की जोह्याच्या मूर्तीच्या अंगावरचा तो गुलाबी, मऊ, कडेला गडद होत जाणारा रंग याच घराण्यातला आहे. मूर्तीच्या कारखान्यातही कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनच चालते. सिनेमाच्या कव्हरचे संकेत कारखान्यात 'पुष्पा'मुळे आले असं वाटत असेल, तर त्यांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

७ मार्च १९५२ला 'फिल्मफेअर' निघालं, पहिल्या कव्हरवर कामिनी कौशल. हळूहळू फोटोनं चित्रकाराची जागा घेतली. बाहेरच्या जगात याच सुमाराला वेगळा प्रयोगही झाला: एप्रिल १९५१मध्ये पॅरिसमध्ये 'काय्ये दु सिनेमा' सुरू झालं, पिवळंधमक कव्हर आणि त्यावर 'सनसेट बुलेव्हार्ड'मधलं एक दृश्य. चित्रपटातली चौकट मोठी, त्या दृश्यापुढे स्टारडम गौण. आपल्याकडे या वाटेनं फिल्म सोसायट्यांची नियतकालिकं गेली. प्रभात चित्र मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' हे मराठीतलं त्याचं उदाहरण. 'रसरंग', 'जी', 'चंदेरी' ही मराठी मासिकं-साप्ताहिकं स्टॉलच्या वाटेनं गेली. दोन्ही संकेतच आहेत, फक्त वाचक वेगळा. असाइनमेंटमध्ये 'फिल्म मॅगझिन' म्हटलं की आपण पहिलीच वाट का धरतो, एवढं तरी स्वतःला विचारावं.

एक गोष्ट मात्र मराठी विद्यार्थ्याला कुठलंही टेम्प्लेट सांगणार नाही. रोमन अक्षरांत नावावर डोकं चढवलं तरी नाव वाचता येतं, कारण रोमन अक्षराची ओळख बरीचशी त्याच्या वरच्या अर्ध्या भागात असते. इंग्रजी मथळ्याचा खालचा अर्धा भाग कागदानं झाका, वाचता येईल. आता 'रसरंग' लिहा आणि खालचा अर्धा भाग झाका. काय उरलं? शिरोरेषा, एक अनुस्वार आणि काही खुंट. देवनागरीत वरची रेघ सगळ्या अक्षरांची सारखीच, अक्षराचा जीव खाली. आणि स्टारचं डोकं तर खालूनच वर येतं! म्हणजे इंग्रजी मासिकाची ऐट जशीच्या तशी उचलली की मराठी नाव मरतं. मग काय करायचं? अक्षरं ताणून उंच करायची, नाव एका बाजूला घ्यायचं, की डोकं दोन अक्षरांच्या मधल्या फटीत बसवायचं? यासाठी कमल शेडगे यांची अक्षरं बघावीत. टाइम्स समूहात काम केलेले, मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं वर्षानुवर्षं रेखाटलेले. २०२०मध्ये ते गेले. त्यांचं एकेक शीर्षक म्हणजे देवनागरीत जागा कशी काढायची याचा धडा आहे. फॉन्टच्या यादीत हे सापडत नाही, पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

बरं, आता स्टॉलच राहिला नाही त्याचं काय? स्टेशनवरच्या स्टॉलवर हल्ली मासिकांपेक्षा वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्याच जास्त दिसतात. कव्हर मात्र मेलं नाही. मासिकं आता 'डिजिटल कव्हर' काढतात. छापील अंकच नसतो, फक्त कव्हर असतं, इन्स्टाग्रामवर. ज्याला उघडून आत काही वाचायचं नाही असं मुखपृष्ठ! नाव अजून वर आहे, जरी कौलांसारखी पट्टी कोणी बघत नसलं तरी. ओळी अजून डावीकडे. नजर अजून थेट. सगळ्या सवयी स्टॉलच्या, फक्त स्टॉल नाही.

जोह्यातही २०२५मध्ये याच जातीचा प्रश्न आला होता, जास्त गंभीर रूपात. ३० जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं पीओपी मूर्तींवरची बंदी काटेकोर पाळायला सांगितली आणि कारखान्यांच्या पोटावर गदा येते की काय असं झालं. जूनमध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाणवठ्यात विसर्जनाला मात्र मनाई राहिली. माती की पीओपी, हा वाद पैशाचा, पाण्याचा आणि रोजगाराचा आहे आणि त्याला अख्खा लेख हवा. इथे एवढंच की पदार्थ बदलायचा म्हटल्यावर पण कोणी बैठक बदलायची भाषा केली नाही. शाडूत केला तरी लालबाग तो लालबागच. माध्यम जातं, साचा राहतो.

म्हणून बारकोड. तो आता किमतीची खूण नाही, 'मी मासिक आहे' एवढं सांगणारं कुंकू आहे. ठेवायचं तर ठेवा, पण काय ठेवतोय हे माहीत असू द्या.

एक छोटी व्यवहाराची गोष्ट. इन्स्टाग्रामनं जानेवारी २०२५मध्ये प्रोफाइलवरचे चौरस काढून उभी चौकट आणली, तीनास चार प्रमाणाची. कव्हरवाल्यांसाठी चांगलं झालं, कारण मासिकाचा आकार याच्या जवळचा. जवळचा, तोच नव्हे. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. तीनास चारमध्ये बसवला तर उंची उरते २८०. म्हणजे वरून-खालून मिळून १७ मिलिमीटर कापले जातात. तुमचं मासिकाचं नाव अगदी वरच्या काठाला चिकटलेलं असेल तर त्याच्या मात्रा आणि अनुस्वार गेलेच. देवनागरीचा तोटा इथे पुन्हा. वर एक सेंटिमीटर मोकळं सोडा.

आता खरा प्रश्न: कोण बसणार? मांडणीपेक्षा हा जड आहे, आणि असाइनमेंटमध्ये यावरच सगळ्यात कमी वेळ जातो.

२०२५ हे मराठी सिनेमासाठी चेहऱ्यांच्या दृष्टीनं विलक्षण वर्ष होतं. रोहन कानावडेचा 'साबर बोंडं' सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात १२ तारखेला सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला. त्याचा नायक बाबुली मेस्त्री, कोकणातला दशावतारी नट, आणि ती भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे. थिएटरं भरली. थोडं मागे गेलात तर २०१६चा 'सैराट' आठवा. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसरला त्याआधी कुठल्या कव्हरनं ओळखलं होतं?

म्हणजे प्रेक्षक नव्या, वेगळ्या, म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांसाठी तिकीट काढतोय. आणि आपलं कव्हर? ते अजून गोरं, पंचविशीतलं, हनुवटी जरा वर केलेलं आहे. हा दोष संकेतांचा आहे का? मला तसं वाटत नाही. 'नजर थेट ठेवा' हा संकेत आहे. 'नजर तरुण आणि गोरी ठेवा' ही सवय आहे. दोन्ही एकाच टेम्प्लेटमधून येतात म्हणून आपण दोन्हींना नियम समजतो.

आणि आता एआय आलंय, ते या सवयीला वेग देतं. कुठल्याही चित्र काढणाऱ्या एआयला 'मराठी चित्रपट मासिकाचं कव्हर' एवढंच सांगून बघा. बहुतेक वेळा नथ, पैठणी, मागे धूसर दिवे आणि कोणाचाच नसलेला एक सुंदर चेहरा मिळेल. २०२५च्या सप्टेंबरमध्ये अख्ख्या वर्गानं जेमिनीवर स्वतःचे रेट्रो साडीतले फोटो काढले होते, आठवतंय? सगळ्याजणी छान दिसत होत्या आणि सगळ्याजणी एकसारख्या दिसत होत्या. यंत्र जे सर्वात जास्त वेळा पाहिलंय तेच परत देतं. साच्यातून मूर्ती काढायला ते कारखान्यापेक्षा भारी आहे. नवीन साचा लागतो तेव्हा मात्र कोणीतरी आधी मातीत मूळ मूर्ती घडवावी लागते. ती असेल तर तिच्यावरून रबरी साचा निघतो. जो कारखाना नुसतेच साचे विकत आणतो त्याच्याकडे बाजारात आहे तेवढंच असतं.

चेहऱ्याचा दुसरा प्रश्न मालकीचा. साचा कुणाचाही, चेहरा कुणाचा तरी, असं आता न्यायालयंही म्हणू लागली आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूरच्या नावाचा, आवाजाचा, प्रतिमेचा आणि त्याच्या 'झकास'चाही व्यापारी गैरवापर रोखला. मे २०२४मध्ये जॅकी श्रॉफच्या 'भिडू'ची पाळी. (घाबरू नका, कट्ट्यावर भिडू म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही, प्रश्न त्याच्या नावावर माल विकण्याचा आहे.) जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल थांबवली, २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. ऐश्वर्या राय आणि अभिषेक बच्चनही त्याच वर्षी दिल्लीत गेले. सगळंच बंद केलं असंही नाही: जॅकीच्या प्रकरणात त्याच्यावरचा एका यूट्यूबरचा गमतीचा व्हिडिओ ताबडतोब काढायला लावायला न्यायालयानं नकार दिला.

असाइनमेंटचं काय? कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शिक्षणाच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या पुनरुत्पादनाला सूट आहे. वर्गात सबमिट करण्यापुरती अडचण नाही. पण तेच कव्हर इन्स्टावर टाकलं, त्याखाली 'कव्हर डिझाइन करून मिळेल, डीएम करा' असं लिहिलं, की वर्ग संपला आणि धंदा सुरू झाला. फोटो काढणाऱ्याचा हक्क वेगळा, फोटोत असणाऱ्याचा वेगळा. एआयनं केलेला स्टारचा चेहरा म्हणजे यातून पळवाट, असं कोणाला वाटत असेल तर वरची प्रकरणं पुन्हा वाचावीत. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रानं आयटी नियमांचा जो मसुदा काढला त्यात एआयनं बनवलेल्या चित्रावर किमान दहा टक्के जागेत तसं लेबल लावायची सूचना होती. ए-फोरवर हिशेब करा: पूर्ण रुंदीची जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच पट्टी. म्हणजे मासिकाच्या नावाएवढीच!

मी जर जोह्यातून हे कव्हर करत असतो तर 'दशावतार'वर केलं असतं, आणि फोटो न उतरवता चित्र काढलं असतं. प्रभावळकरांचं नव्हे, एका दशावतारी नटाचं. दशावतारी कलाकार आपला रंग आपणच लावतात. आरसा, पेटी, बोटावर रंग, आणि डोळ्याची रेघ ओढणारा हात. मूर्तीच्या कारखान्यात या कामाला आखणी म्हणतात. घासकाम, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने सगळं झाल्यावर डोळे येतात, आणि ते प्रत्येकाला जमत नाहीत. स्प्रे गन इथे चालत नाही. बारीक ब्रश लागतो आणि हात स्थिर लागतो. मूर्ती टेबलावर बसणार की मंडपात उंचावर, बघणारा कुठून बघणार, याचा अंदाज ठेवूनच बुबुळ बसवायचं. बुबुळ जरा इकडे-तिकडे झालं की देव तिरळा, मग बाकीचं काम कितीही सुबक असो.

म्हणून त्या कव्हरवर नजर थेट नसेल. नट आरशात बघतोय, एक डोळा आखून झालाय, दुसरा अजून कोरा. पण आरसा असा धरायचा की त्याची आरशातली नजर नेमकी वाचकावर पडेल. संकेत पाळला, फक्त एका वळणानं. डोकं नावावर चढणार नाही. पहिलाच अंक, आणि अक्षरं देवनागरी. नाव वर, पण काठापासून सेंटिमीटर खाली. कव्हरलाइन एकच, आरशाच्या बाजूला, आणि तिला प्रश्नचिन्ह नाही. खालच्या कोपऱ्यात, बारकोडच्या जागी, ज्यानं चित्र काढलं त्याची सही.